चार ओव्यांची जागा

"गुर्जी, आली का माझी ओवी?"

धुक्यातून आधी आवाज यायचा, माणूस नंतर. घाटाच्या पायऱ्या चढून तानूआक्का सभामंडपाच्या कडेशी यायची, कमरेवरची घागर खांबाला टेकवायची आणि रोज एवढंच विचारायची. मी बोरू दौतीत बुडवत म्हणायचो, "अजून नाही. सातवा अध्याय चाललाय. तुमची नवव्यात ना?"

"नवव्यात."

"मग येईल चार-सहा दिवसांत."

"बरं," म्हणून ती पायऱ्या उतरायची. पाचव्या पायरीपर्यंत दिसायची, मग धुक्यात जायची. खाली नावेचा दोर सुटल्याचा आवाज, वल्ह्याचे पाण्यावर थोडे ठोके, आणि मग पुन्हा माझ्या बोरूची कुरकुर तेवढी उरायची.

उंबरसंगमच्या नव्या हायस्कुलात इतिहासाचा मास्तर म्हणून लागून मला सात-आठ महिने झाले होते. वय चोवीस, अंगात नवाकोरा कोट आणि डोक्यात एकच गोष्ट: पुरावा असेल तर इतिहास, नाहीतर गप्पा. मुलांना मी हे इतक्यांदा ऐकवलं होतं की मागच्या बाकावरची पोरं माझ्याआधी ते वाक्य पुरं करायची. अक्षर मात्र देवानं बरं दिलं होतं, आणि तेच नडलं. देवळाची पोथी, म्हणजे संगमेश्वराचं माहात्म्य, कडांनी झडायला लागली होती. ती वाचणाऱ्या धोंडिबुवा गुरवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. येत्या शिवरात्रीपासून सरपंच आनंदरावांचा पुतण्या दिगंबर वाचायला बसणार होता, आणि कॉलेजात शिकलेल्या दिगंबरला ती जुनी, शब्द न तोडता लिहिलेली अक्षरं काही केल्या लागत नव्हती. तेव्हा पंचांनी ठरवलं की मास्तरांनी पोथी नव्यानं लिहून द्यावी. शाळा अकराची. मी उजाडलं की देवळात येऊन बसायचो.

त्या दिवसांतलं किती जागेपणी घडलं, हे मला पन्नास वर्षांनंतरही नीट सांगता येणार नाही. दोन नद्यांचं पाणी एकमेकांत मिसळताना एक बारीक, न थांबणारा आवाज करतं. तो कानात भरून राहायचा. धुकं सभामंडपात शिरून नंदीच्या पाठीवर बसायचं, कागद ओलसर व्हायचा, अक्षरं वाळता वाळत नसत. जुन्या ओळीवर बोट ठेवून नवी लिहिता लिहिता मी पोथीतच शिरायचो. तिथं ऋषी होते, दूध न देणाऱ्या गाई होत्या, माणसासारखं बोलणारे कावळे होते. आणि मान वर केली की समोर तेच पाणी, तोच उंबर. कधीकधी वाटायचं, मी लिहितोय म्हणून समोरची नदी वाहतेय. बोटं बधिर झाली की भानावर यायचो आणि हातावर फुंकर घालायचो.

तानूआक्का गावची नावाडीण. नवरा गेल्यापासून नाव तीच चालवायची. शिवरात्रीच्या सकाळी नववा अध्याय वाचून झाला की देवाचा पितळी मुखवटा नदीवर स्नानाला न्यायची रीत होती. घाटापर्यंत पालखी, आणि तिथून नावेनं दोन पाण्यांच्या मध्यावर. नावेत मुखवटा मांडीवर घेऊन बसायचा मान कोळ्याच्या घरातल्या थोरल्या बाईचा. एरवी देवाला हात लावू म्हटलं तर दहा जण आडवे येतात. इथं एक बाई त्याला मांडीवर घेऊन बसते, हे मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. सासूच्या मागं तो मान तानूआक्काकडं आला होता. ही रीत नवव्या अध्यायातल्या कोळिणीच्या ओवीत आहे आणि ती दरवर्षी वाचली जाते, असं कोळीवाड्यात सांगत.

त्या वर्षी नदीवर पूल झाला. नावेचे उतारू तर आटलेच, वर आनंदरावांच्या मनात आलं की देवही पुलावरून न्यावा, बँड लावून, म्हणजे पलीकडच्या गावालाही दर्शन होईल. माणूस वाईट नव्हता. पण पुलासाठी त्यांनी चार वर्षं जिल्ह्याला खेटे घातले होते, आणि आता तो पूल कुणाकुणाला दाखवू असं त्यांना झालं होतं. कोळीवाड्यात कुरबुर सुरू झाली तेव्हा त्यांनी न्याय करून टाकला.

"पोथीत असंल तर नाव, नसंल तर पूल. पोथीच्या भाईर मी न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काय मास्तर, पुरावा पायजे का नको?"

मी मान डोलावली. मला ते अगदी पटलं होतं.

नववा अध्याय लिहायला घेण्याआधी मी सबंध वाचून काढला. एक मुनी रात्री काशीहून कमंडलूत देव घेऊन निघतो आणि सूर्य उगवायच्या आत संगमावर पोचतो, एवढी त्याची गोष्ट. मला काशीहून यायचं झालं असतं तर दोन गाड्या बदलून तीन दिवस लागले असते. असो. नाव, कोळी, कोळीण यांचा त्यात पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी तानूआक्का आली तसं मी तिला विचारूही दिलं नाही.

"तानूआक्का, सगळा अध्याय वाचला मी. तुमची ओवी त्यात नाही."

तिनं घागर टेकवली नव्हती, ती तशीच धरून ठेवली. "नीट बघितलं?"

"दोनदा."

"येक बी अक्षर न्हाई?"

"एकही नाही. कुणीतरी सांगितलेली गोष्ट असेल. लोक सांगत असतात, तेवढ्यानं ती पोथीत येत नाही. मला जे पानावर दिसतं तेच मी लिहिणार."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरलेत असं मला वाटलं. "बरं," म्हणाली आणि उतरून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. खाली वल्ह्याचे ठोके ऐकू यायचे, म्हणजे ती होती. पण पायऱ्या काही चढत नव्हती. खरं बोलल्याचं समाधान म्हणतात ते मला मिळेना. भाकरी तोंडात फिरायला लागली.

एका गोष्टीनं मी अस्वस्थ होतो. जी ओवी पोथीत नाही, ती ही बाई दरवर्षी पोथीतून ऐकत कशी होती? चौथ्या दिवशी धोंडिबुवा नंदीला पाठ लावून कोवळ्या उन्हात बसले होते, त्यांच्यापाशी जाऊन बसलो.

"बुवा, नवव्या अध्यायात कोळिणीची ओवी आहे?"

"हाय की. चार हायत."

"पानावर एकही नाही."

"पानावर कुठं म्हणलं मी?"

बुवांनी पांढरे झालेले डोळे माझ्या दिशेनं केले. "येकेचाळिसावी वाचून झाली की बोट पानावर तसंच ठेवायचं, मान वर करायची, नदीकडं बघायचं आन् म्हणायच्या. पोथी पुढ्यात उघडी असती, ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

"म्हणा बघू."

त्यांनी मान वर केली. नदी त्यांना दिसत नव्हती, पण तोंड बरोबर पाण्याकडं वळलं. चार ओव्या त्यांनी सावकाश म्हटल्या. पूर आला, देव वाहून चालला, चिमा नावाची कोळीण अंगावरचं तान्हं काठावर ठेवून नाव घेऊन लोंढ्यात शिरली आणि देवाला मांडीवर घेऊन परत आली. शेवटच्या ओवीला बुवांचा आवाज कापला. ऊन पाण्यावर पसरत होतं. मला क्षणभर ती नाव दिसली. डोळे चोळले तर तानूआक्काचीच होती, रिकामी, पलीकडून येत होती.

मी उठलो आणि जुनं पान उजेडात धरलं. एकेचाळीस आकडा होता. त्याच्यापुढच्या ओवीचा आकडा सेहेचाळीस. आणि दोहोंच्या मध्ये, सबंध चार ओळींच्या जागेवर, फिकट पिवळा लेप. जुने लिहिणारे चुकलेलं अक्षर पुसायला हरताळ लावत, तोच तो. मुनीच्या गोष्टीच्या दोन ओळी त्याच्यावर मोठाल्या, पसरट अक्षरांत लिहून जागा भरली होती. हात वेगळा, शाई वेगळी. दोनदा वाचलं म्हणून छाती काढून सांगणाऱ्या इतिहासाच्या मास्तराला हे दिसलं नव्हतं.

"बुवा!" मी ओरडलोच. "पुरावा आहे! ओव्या लिहिलेल्या होत्या, कुणीतरी पुसल्यात. चार गेल्या आणि त्यांच्यावर दोन भरल्या. आता मी परत लिहितो. सांगा पुन्हा, हळूहळू."

"न्हाई लिव्हायच्या."

"का?"

"माझ्या बापानं सांगितलं, म्हणायच्या, लिव्हायच्या न्हाईत. त्याला त्याच्या बापानं सांगितलं."

"पण कारण काय?"

"बापाला कारण इचारायची आमच्यात रीत नव्हती, मास्तर."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे काशीहून एका रात्रीत देव आला हे लिहून ठेवायचं, आणि पुरात बाईनं नाव घातली, जे घडू तरी शकतं, ते लिहायचं नाही! तुम्ही ते काशीचं खरं मानता काय?"

"येका रातीत?" बुवा हसले. "तरणा असताना कऱ्हाडास्नं चालत यायला मला दीड दिस लागायचा."

"मग वाचता कशाला?"

"ग्वाड हाय म्हणून वाचतो. देव कुठनं तरी आलाच असंल की."

"आणि चिमा कोळीण?"

"ती खरी का खोटी, मला ठावं न्हाई. पर त्या ओव्या म्हणताना माझ्या अंगावर काटा येतो. काशीचं वाचताना न्हाई येत."

"काटा येणं हा पुरावा नव्हे, बुवा."

"नसंल."

"दिगंबर पानावरून मान वर करणार नाही. तो एकेचाळीसवरून पुढं पळेल. तानूआक्काचा मान जाईल, कायमचा."

बुवा नंदीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "त्यो घोर मला बी हाय," म्हणाले. "पर लिव्हू नका."

शिवरात्रीला तीन दिवस उरले होते. मी नववा अध्याय लिहायला घेतला. एकेचाळिसावी ओवी झाली, बोरू दौतीत बुडवला आणि हात कागदावर तसाच राहिला. ओव्या मला एका ऐकण्यात अर्ध्यामुर्ध्या पाठ झाल्या होत्या. लिहिल्या असत्या तर कोण विचारणार होतं? बुवांना दिसत नव्हतं. आणि खोटंही नव्हतं. लिहिलेल्या होत्या, याचा पुरावा पुढ्यात होता. पण नेमके कोणते शब्द त्या पिवळ्याखाली होते, ते मी पाहिलं नव्हतं. आणि म्हाताऱ्यानं नको म्हटलं होतं. शाई बोरूच्या टोकाशी वाळली. शेवटी बोटांनी मापून चार ओव्यांची जागा कोरी सोडली, पुसणाऱ्यानं वर भरलेल्या दोन ओळी गाळल्या आणि त्याखाली सेहेचाळीस आकडा घातला. हे शहाणपण होतं असं मी म्हणणार नाही. मला दोन्हींपैकी काहीच करवेना, म्हणून ते झालं.

शिवरात्रीच्या सकाळी सभामंडप भरला. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. तानूआक्का पुढं, हिरवं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्याकडं बघायचं मी टाळलं. बाहेर बँडवाले पिपाण्या चाचपत होते. दिगंबर रेडिओवरच्या बातम्यांसारखा खडखडीत वाचत सुटला. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. एकेचाळीस झाली आणि तो थांबला. पान उलटून पाहिलं, परत सुलटं केलं.

"हितं कोरं हाय," तो म्हणाला.

"मास्तर, लिव्हायचं ऱ्हायलं काय?" आनंदरावांनी विचारलं.

मी उभा राहिलो. "राहिलं नाही. जुन्या पोथीत इथं चार ओव्या होत्या. त्या कुणीतरी हरताळ लावून पुसल्यात. आकडे बघा, एकेचाळीसनंतर सेहेचाळीस. काय लिहिलं होतं ते पानावर उरलेलं नाही, म्हणून मी लिहिलं नाही."

"पानावर न्हाईत, मग हायत कुठं?"

मी काही बोलायच्या आत बायकांच्या मागच्या रांगेतून एक बारीक, चिरका आवाज उठला. पहिली ओवी. आनंदराव दचकून वळले. आवाज त्यांच्या आईचा होता. ऐंशीची म्हातारी डोळे मिटून म्हणत होती, आणि दुसऱ्या चरणाला दहा जणी तिच्यात मिसळल्या. मग वीस. बुवांचे नुसते ओठ हलत होते. पुरुषांतल्याही काहींच्या माना डोलायला लागल्या. मला वाटलं, दोन नद्यांचा तो आवाजच देवळात शिरलाय.

दुसऱ्या ओवीला मात्र घोटाळा झाला. अर्ध्या बायका "ओटीत" म्हणाल्या, अर्ध्या "पदरात". एकीनं तान्हं काठावर ठेवलं, दुसरीनं ते नावेतच नेलं.

"काठावर कसं ठिवंल? आई हाय का कोन?" मागून कुणीतरी फणकारलं.

"पुरात पोर नेती व्हय गं? बुवा काठावरच म्हणत्यात!"

"तुझ्या कानात बोळं हुतं!"

हसू पिकलं, भांडण पिकलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. शाळेत मी शिकवायचो की ज्यांनी खरंच पाहिलं-ऐकलं असतं त्यांचं सगळ्यांचं तंतोतंत जुळत नाही. जुळलं तर संशय घ्यावा. ते मी पुस्तकातलं शिकवत होतो. आज डोळ्यांपुढं बघत होतो.

आनंदरावांनी दोन्ही हात वर केले. "बास, बास! पोर कुठं का असंना. द्येव तिच्या मांडीवर हुता, ह्यात कुनाचं दुमत?"

कुणाचंच नव्हतं.

"मग मला आईच्या शिव्या खायच्या न्हाईत," ते म्हणाले. "बँडवाल्यांनो, घाटाकडं चला."

नावेत चढताना तानूआक्कानं मागं वळून हाक मारली. "गुर्जी, या. बसा."

मी बूट हातात घेऊन चढलो. नाव तिचा दीर वल्हवत होता. तानूआक्का मधल्या फळीवर बसली होती आणि मुखवटा तिच्या मांडीवर होता, तोंड तिच्याकडं केलेलं. काठावरचा बँड हळूहळू दूर गेला. धुकं उठायला लागलं होतं आणि पाण्याचा रंग नक्की कोणता ते कळत नव्हतं. मला तिची माफी मागायची होती.

"आक्का, त्या दिवशी मी फार तोडून बोललो. नाही म्हणालो आणि तुम्ही यायचंच सोडलंत."

"तोडून कुठं?" ती म्हणाली. "तुमी न्हाई म्हनालात आन् माझा जीव भांड्यात पडला. मग कशाला येऊ चढ चढून? गुडघं दुखत्यात."

"म्हणजे?" मी विचारलं.

"पयलं लिव्हल्यालंच हुतं ते," ती मुखवट्याच्या कपाळावर साचलेलं धुक्याचं पाणी पदरानं टिपत म्हणाली. "माझ्या आजेसासूनं सांगितलंय. कवाच्या काळी पंचांच्या मनात आलं, ह्यांचा मान काढायचा. म्हनाले, दावा पोथीत. पोथी उघडली तर पिवळं फासल्यालं. कुनी फासलं, कवा, काय ठावं न्हाई. सात वर्सं द्येव नावंत बसला न्हाई. तवा गुरवानं आन् आमच्या घरानं मिळून ठरवलं, पुन्यांदा लिव्हायचं न्हाई. लिव्हल्यालं एक मानूस दुपारच्याला बसून पुसतंय, गुर्जी. ह्या येवढ्या बायांच्या तोंडातलं कोन पुसतंय?"

"मग रोज विचारायला येत होतात ते..."

"तुमी लिव्हताय का काय, म्हून. तुमचं अक्षर लई चांगलं, त्याचंच भ्या."

मला हसू आलं. आयुष्यात इतकं लाजल्यासारखं आणि इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

"आणि मी जागा सोडली नसती तर? दिगंबर वाचत पुढं गेला असता तर?"

"मी उठून उभी ऱ्हानार हुते. म्हनूनच पुढं बसले." तिनं वाकून मुखवटा पाण्यात बुडवला, वर काढला, पुन्हा बुडवला. तिसऱ्यांदा काढल्यावर तो माझ्यापुढं धरला. "धरा वाईच. पदर पिळते."

मी तो मांडीवर घेतला. थंडगार आणि वाटला त्याहून जड होता. पाणी माझ्या नव्या कोटावरून खाली नावेत ठिबकत होतं. चिमा कोळीण झाली होती की नाही, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. एवढंच माहीत आहे की तिला पुसण्याची कुणाला तरी गरज वाटली होती.

तानूआक्का जाऊन आता वीस वर्षं झाली. तिची नातसून नावेत बसते. दिगंबरचे केस पांढरे झाले, पण वाचतो तोच, माझ्याच प्रतीवरून. मागं विद्यापीठातली एक मुलगी रेकॉर्डर घेऊन माझ्याकडं आली होती. "सर, त्या चार ओव्या तेवढ्या सांगा, नोंद करून ठेवते." मी तिला चहा पाजला आणि येत नाहीत म्हणून सांगितलं.

तुमच्याही लक्षात आलं असेल की इतकं सगळं सांगितलं, पण त्या ओव्या मी इथं लिहिलेल्या नाहीत. ऐकायच्या असतील तर शिवरात्रीला उंबरसंगमला या. एकेचाळिसावी ओवी सकाळी नवाच्या सुमारास येते. ती झाली की दिगंबर पानावर बोट ठेवतो आणि मान वर करतो.